सी एक्स्टेन्शनला स्वतःचा पत्ता कधी कळतो? (पायथॉन, `__फाइल__` आणि इम्पोर्ट)

पायमोजे (धागाकर्ता)

प्रश्न जरा आतला आहे, म्हणून आधी मांडणी सांगतो. पत्ता म्हणजे मॉड्यूल ज्या फाइलमधून लोड झालं तिचा पाथ, जो इम्पोर्टनंतर `__फाइल__` मध्ये दिसतो. फंक्शनांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत, अंडरस्कोअर जिथल्या तिथे ठेवले आहेत.

'नकाशा' नावाचं पॅकेज. त्यात सी मध्ये लिहिलेलं `_कोअर` हे मॉड्यूल, आणि त्याच फोल्डरमध्ये सुमारे ४ एमबीची `ग्रिड.बिन`. मॉड्यूल लोड होतानाच ही फाइल वाचून तक्ता तयार करायचा आहे. पायथॉन ३.१२, लिनक्स. पुढे विंडोजवरही लागणार.

इम्पोर्टच्या वेळी पायथॉन माझं `पायइनिट__कोअर` हे सी फंक्शन बोलावतो. त्यात `पायमॉड्यूल_क्रिएट` झाल्यावर लगेच `पायमॉड्यूल_गेटफाइलनेमऑब्जेक्ट` मागितलं, तर सिस्टमएरर: 'मॉड्यूल फाइलनेम मिसिंग'. पण तो भाग काढून इम्पोर्ट केलं आणि प्रॉम्प्टवर `_कोअर.__फाइल__` विचारलं, तर पूर्ण पत्ता व्यवस्थित छापला जातो. म्हणजे पत्ता कुणाला तरी ठाऊक आहे, फक्त मला वेळेवर मिळत नाही.

१. हा पत्ता नेमका कधी आणि कोण चिकटवतं?
२. इनिटच्या आतच हवा असेल तर सरळ मार्ग कोणता?
३. `डीएलअॅडर` (मेमरीतल्या अॅड्रेसवरून फाइलचं नाव देणारं फंक्शन) वापरून मिळतोय. तो ठेवू की काढू?

---

शेषनाग

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो, दुसऱ्याचं त्यातूनच निघेल.

`इम्पोर्ट नकाशा._कोअर` म्हटलं की `सिस.मेटा_पाथ` वरचे तीन शोधक क्रमाने विचारले जातात: बिल्ट-इनवाला, फ्रोझनवाला, आणि शेवटी पाथफाइंडर. सबमॉड्यूल असल्यामुळे पाथफाइंडर `सिस.पाथ` बघत नाही, वडील पॅकेजचा `__पाथ__` बघतो. त्यातल्या प्रत्येक फोल्डरसाठी एक फाइलफाइंडर असतो आणि तो नावापुढे एकेक प्रत्यय लावून बघतो. लिनक्सवर ३.१२ मध्ये एक्स्टेन्शनचे प्रत्यय या क्रमाने:

`.सीपायथॉन-३१२-एक्स८६_६४-लिनक्स-जीएनयू.एसओ`
`.एबीआय३.एसओ`
`.एसओ`

त्यानंतर `.पीवाय`, आणि मग `.पीवायसी`. (म्हणूनच एकाच फोल्डरमध्ये `_कोअर.एसओ` आणि `_कोअर.पीवाय` दोन्ही असतील तर एसओ (लिनक्सवरची शेअर्ड लायब्ररी) जिंकतो. पायथॉन फाइल बदलूनही काही फरक पडत नाही अशी तक्रार आली की आधी हेच बघावं.)

फाइल सापडली की एक मॉड्यूलस्पेक तयार होतो. त्यात `नेम`, `लोडर` आणि `ओरिजिन`. हा ओरिजिन म्हणजेच तुमचा पत्ता. म्हणजे तुमच्या सी कोडची एकही ओळ चालण्याआधीच पत्ता ठरलेला असतो, कारण त्याशिवाय `डीएलओपन` ला (शेअर्ड लायब्ररी मेमरीत आणणाऱ्या फंक्शनला) द्यायचं काय?

पुढे एक्स्टेन्शनफाइललोडरचं `क्रिएट_मॉड्यूल` चालतं. ते `_इम्प.क्रिएट_डायनॅमिक` ला स्पेक देतं. तिथे सी मध्ये चार गोष्टी होतात:

एक, ओरिजिन फाइलसिस्टमच्या एन्कोडिंगमध्ये बदलून `डीएलओपन`. दोन, नावाचा शेवटच्या टिंबानंतरचा तुकडा घेऊन `पायइनिट_` च्या पुढे जोडतात आणि `डीएलसिम` ने ते फंक्शन शोधतात. तीन, ते फंक्शन बोलावतात. चार, फंक्शनने तयार मॉड्यूल परत दिलं तर त्याच्या डिक्शनरीत `__फाइल__` घालतात.

तुमचा घोळ तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये आहे. `पायइनिट` ला एकही पॅरामीटर नसतो, सहीच `(व्हॉइड)` अशी आहे. तुम्ही आत असताना मॉड्यूल तुमच्या हातात, पत्ता लोडरच्या हातात, आणि तुम्ही `रिटर्न` म्हटल्यावरच दोघांची गाठ पडते. पायथॉन २ मध्ये `इनिट_कोअर` होतं तेव्हाही हेच होतं.

एक गंमत बघा. नाव मात्र आतच बरोबर मिळतं. `पायमॉड्यूलडेफ` (मॉड्यूलचं वर्णन करणारं सी स्ट्रक्ट) मध्ये तुम्ही नुसतं `_कोअर` लिहिलेलं असतं, तरी तयार झालेल्या मॉड्यूलचं `__नेम__` 'नकाशा._कोअर' निघतं. कारण लोडर बोलावण्याआधी पूर्ण नाव एका पॅकेज कॉन्टेक्स्ट व्हेरिएबलमध्ये ठेवून देतो आणि `पायमॉड्यूल_क्रिएट` ते उचलतं. नावासाठी अशी मागच्या दाराची सोय झाली, पत्त्यासाठी झाली नाही.

---

कुंडली

शेषनाग यांनी सांगितलं ती सिंगल-फेज, म्हणजे एकटप्पी पद्धत. उपाय पेप ४८९ (पायथॉनमधल्या बदलाचा प्रस्ताव) मध्ये आहे आणि पायथॉन ३.५ पासून, म्हणजे २०१५ पासून, उपलब्ध आहे. इनिटच्या वेळी `__फाइल__` नसणं हे त्या प्रस्तावामागच्या कारणांपैकीच एक होतं.

दोनटप्पी पद्धतीत `पायइनिट` मॉड्यूल बनवतच नाही. ते फक्त `पायमॉड्यूलडेफ` परत देतं. मग:

लोडर त्या डेफवरून रिकामं मॉड्यूल बनवतो → इम्पोर्टलिब त्यावर `__स्पेक__`, `__लोडर__`, `__पॅकेज__`, `__फाइल__` लावतं → त्यानंतर `एक्झेक_मॉड्यूल`, आणि त्यातून तुमचं एक्झेक फंक्शन.

म्हणजे साध्या पीवाय फाइलचा जो क्रम तोच. एक्झेक फंक्शनला मॉड्यूल पॅरामीटर म्हणून मिळतं आणि तिथे `पायमॉड्यूल_गेटफाइलनेमऑब्जेक्ट` मुकाट्याने पत्ता देतं.

तुमच्या कोडमध्ये करायचे बदल:

— आज इनिटमध्ये जे काही करता (कॉन्स्टंट, टाइप, ग्रिड वाचणं), ते सगळं `स्टॅटिक इंट कोअर_एक्झेक(पायऑब्जेक्ट *एम)` मध्ये हलवा. यश म्हणजे ०, अपयश म्हणजे -१, आणि -१ देताना एक्सेप्शन लावलेलं हवंच.
— `पायमॉड्यूलडेफ_स्लॉट` चा स्टॅटिक अॅरे: पहिली नोंद `पाय_मॉड_एक्झेक` आणि तुमचं फंक्शन, शेवटची नोंद शून्य-नल.
— डेफमध्ये `एम_स्लॉट्स` ला तो अॅरे. `एम_साइझ` ० किंवा जास्त.
— `पायइनिट__कोअर` मध्ये एकच ओळ: `रिटर्न पायमॉड्यूलडेफ_इनिट(&डेफ)`.

डेफ स्टॅटिकच हवा. फंक्शनच्या स्टॅकवर ठेवलात तर परत जाताच हवेत.

आणि `गेटफाइलनेमऑब्जेक्ट` नवीन रेफरन्स देतं, `पाय_डेकरेफ` विसरू नका. त्याचं जुनं भावंड `पायमॉड्यूल_गेटफाइलनेम` (जे `चार *` देतं) ३.२ पासून डिप्रिकेटेड आहे. त्याच्या वाटेला जाऊ नका.

---

पायमोजे

हे बसतंय. पण मॉड्यूलचा ऑब्जेक्ट बनण्याच्याही आधी पत्ता हवा असेल तर? `पाय_मॉड_क्रिएट` नावाचा स्लॉटही दिसतो.

---

कुंडली

क्रिएट स्लॉटला दोन गोष्टी मिळतात, स्पेक आणि डेफ. मॉड्यूल अजून नसल्यामुळे `__फाइल__` नाही, पण `स्पेक.ओरिजिन` आहे. `पायऑब्जेक्ट_गेटअॅट्रस्ट्रिंग(स्पेक, "ओरिजिन")` एवढंच.

पण तुमच्या कामासाठी क्रिएट स्लॉट नको. मॉड्यूलच्या जागी वेगळ्याच टाइपचा ऑब्जेक्ट द्यायचा असेल तरच तो लागतो. स्लॉट दिलाच नाही तर नेहमीचं मॉड्यूल आपोआप बनतं आणि निम्म्या चुका टळतात.

---

दुवेकरी

तिसरा प्रश्न, `डीएलअॅडर`. काढा असं माझं मत, पण का ते सांगतो, कारण बरीच लोकं ते चालतंय म्हणून ठेवतात.

`डीएलअॅडर` ला मेमरीतला कुठलाही अॅड्रेस दिला की तो ज्या शेअर्ड ऑब्जेक्टमध्ये पडतो त्याचं नाव `डीएलआय_एफनेम` मध्ये मिळतं. पायथॉनचा संबंधच नाही, त्यामुळे एकटप्पी इनिटमध्येही चालतं. `_जीएनयू_सोर्स` डिफाइन करावं लागतं, आणि जीलिबसी (लिनक्सवरची नेहमीची सी लायब्ररी) २.३४ च्या आधी `-एलडीएल` जोडावं लागायचं (२.३४ पासून ते सगळं मूळ लिबसी मध्येच आलं).

आता खाचखळगे.

पहिला: मिळणारं नाव म्हणजे `डीएलओपन` ला जे दिलं गेलं ते. तो सापेक्ष पत्ता असेल तर सापेक्षच मिळणार. मध्ये कुणी `सीएचडीआयआर` केलं की तुम्ही भलत्याच फोल्डरात `ग्रिड.बिन` शोधत बसाल. हल्लीच्या पायथॉनमध्ये फाइलफाइंडर आपला पत्ता आधी पूर्ण करून घेतो म्हणून हे सहसा दिसत नाही, पण जुन्या आवृत्तीत `सिस.पाथ` मध्ये टिंब असलं की हमखास.

दुसरा: अॅड्रेस कुणाचा देता? बाहेर दिसणाऱ्या फंक्शनचा दिलात आणि त्याच नावाचं फंक्शन आधी लोड झालेल्या दुसऱ्या लायब्ररीत असेल, तर सिम्बॉल तिकडे जोडला जाऊ शकतो आणि पत्ताही तिकडचाच येतो. नेहमी `स्टॅटिक` फंक्शनचा किंवा `स्टॅटिक` व्हेरिएबलचा अॅड्रेस द्या.

तिसरा: कुणी तुमचं मॉड्यूल इंटरप्रिटरमध्येच स्टॅटिक लिंक केलं तर ते मुख्य प्रोग्रामचा भाग बनतं. अशा वेळी जीलिबसी `एआरजीव्ही[०]` देते. म्हणजे नुसतं 'पायथॉन३', पत्ताही नाही.

विंडोजवर `डीएलअॅडर` नाही. तिथे `गेटमॉड्यूलहँडलएक्सडब्ल्यू` ला दोन झेंडे द्यायचे, फ्रॉम_अॅड्रेस आणि अनचेंज्ड_रेफकाउंट. दुसरा विसरलात तर डीएलएलचा रेफरन्स काउंट वाढून बसतो. मग `गेटमॉड्यूलफाइलनेमडब्ल्यू`. बफर लहान पडला तर ते ० देत नाही, नाव कापून बफरचाच आकार परत देतं आणि एरर १२२ लावतं. बहुतेक कोडमध्ये २६० अक्षरांचा बफर आणि फक्त शून्याची तपासणी असते. लांब पत्ता आला की अर्धवट नाव घेऊन गाडी पुढे. परत आलेला आकडा बफरएवढाच असेल तर बफर दुप्पट करून पुन्हा मागायचं, वरची मर्यादा ३२,७६७.

एवढं सगळं लिहून टेस्ट करण्यापेक्षा एक्झेक स्लॉट स्वस्त नाही का?

---

आडवाटेचा

तुम्ही सगळे पत्ता कसा मिळवायचा ते सांगताय. मला विचाराल तर यातल्या निम्म्या लोकांना पत्ता लागतच नाही.

शेजारची शेअर्ड लायब्ररी लोड करायची आहे म्हणून पत्ता हवा असेल, तर तो शोधू नका. लिंकरला सांगा. लिनक्सवर `-डब्ल्यूएल,-आरपाथ,$ओरिजिन` दिलं की सिस्टमचा लोडर (पायथॉनचा नव्हे) `$ओरिजिन` च्या जागी त्या एसओचं फोल्डर स्वतः घालतो. (हा ओरिजिन आणि स्पेकमधला ओरिजिन वेगळे, नावं योगायोगाने सारखी.) मॅकवर `@लोडर_पाथ`. इथे नव्वद टक्के घोळ अवतरणचिन्हांचा असतो. शेलमध्ये एकेरी अवतरणात घातलं नाही तर शेल `$ओरिजिन` ला रिकामं व्हेरिएबल समजून गिळून टाकतं, आणि मेकफाइलमध्ये `$` दोनदा लिहावा लागतो. खात्री करायला `रीडएल्फ -डी` चालवा आणि रनपाथच्या ओळीत `$ओरिजिन` अक्षरशः दिसतंय का बघा. चुकलं असेल तर पुन्हा बांधणी न करता `पॅचएल्फ --सेट-आरपाथ` ने दुरुस्त होतं. ऑडिटव्हील (लिनक्सची पॅकेजं वाटपासाठी तयार करणारं साधन) हेच करतं, लायब्ररी उचलून 'नकाशा.लिब्स' अशा फोल्डरात टाकतं आणि आरपाथ तिकडे वळवतं.

विंडोजवर ३.८ पासून एक्स्टेन्शनच्या अवलंबी डीएलएल `पाथ` व्हेरिएबलमधून शोधल्या जात नाहीत. पीवायडीचं (विंडोजवरच्या एक्स्टेन्शन फाइलचं) स्वतःचं फोल्डर, सिस्टम फोल्डर आणि `ओएस.अॅड_डीएलएल_डिरेक्टरी` ने दिलेली फोल्डरं, एवढीच. म्हणजे डीएलएल पीवायडीच्या शेजारी ठेवली तर काहीच करावं लागत नाही.

डेटा फाइल हवी असेल, जशी पायमोजे यांना, तर ती पॅकेजची आहे, एसओची नाही. `इम्पोर्टलिब.रिसोर्सेस.फाइल्स('नकाशा')` हे ३.९ पासून आहे. सी मधूनच बोलवायचा हट्ट नको. `नकाशा/__इनिट__.पीवाय` मध्ये पत्ता काढा आणि `_कोअर.लोड_ग्रिड(पत्ता)` म्हणा. दोन ओळी. सी कोडला पत्ता बाहेरून मिळाला की टेस्टमध्ये लहानशी खोटी ग्रिडही देता येते.

---

शेषनाग

तत्त्वतः मान्य, पण 'सी कोडने पत्ता विचारूच नये' हे टोक झालं. `__इनिट__` ला वगळून थेट `_कोअर` वापरणारी मॉड्यूलं असतात, आणि एरर मेसेजमध्ये किंवा लॉगमध्ये 'कुठली प्रत लोड झाली' हे छापायला पत्ता लागतोच. दोन प्रती इन्स्टॉल झाल्या की तीच ओळ कामाला येते.

---

आडवाटेचा

छापायला खुशाल घ्या. `डिरनेम` करून त्याच्या शेजारी फाइल आहेच असं गृहीत धरू नका, एवढंच माझं म्हणणं. एडिटेबल इन्स्टॉल घ्या, म्हणजे कॉपी न करता सोर्सच्या फोल्डरातूनच चालणारं. मेसन-पायथॉन हे बिल्ड साधन वापरून `पिप इन्स्टॉल -ई` केलं तर `_कोअर` चा एसओ `बिल्ड/सीपी३१२` मध्ये असतो आणि `ग्रिड.बिन` सोर्सच्या झाडात. `__फाइल__` शंभर टक्के खरं, तरी शेजारी ग्रिड नाही. इन्स्टॉल केल्यावर चालतं, डेव्हलपमेंटमध्ये फुटतं. `इम्पोर्टलिब.रिसोर्सेस` मधून गेलात तर त्यांचा लोडर दोन्ही जागा जोडून दाखवतो.

पायइन्स्टॉलरच्या (पायथॉन प्रोग्रामची चालवण्याजोगी फाइल बनवणारं साधन) एक-फाइल प्रकारात तर एसओ दर वेळी तात्पुरत्या फोल्डरात उलगडला जातो (`सिस._एमईआयपास`) आणि प्रोग्राम संपला की ते फोल्डर जातं. तो पत्ता कॉन्फिगमध्ये लिहून ठेवलात की दुसऱ्या दिवशी बोंब.

---

झिपरू

झिपमधून इम्पोर्ट केलं तर `__फाइल__` काय येतं?

---

दुवेकरी

काहीच येत नाही, कारण इम्पोर्टच होत नाही. झिपइम्पोर्ट फक्त पीवाय आणि पीवायसी घेतं. `डीएलओपन` ला डिस्कवरची खरी फाइल लागते.

त्यावरून आणखी एक: `__फाइल__` असतंच असं नाही. बिल्ट-इन मॉड्यूलच्या स्पेकमध्ये ओरिजिन 'बिल्ट-इन' हा शब्द असतो आणि `हॅज_लोकेशन` खोटं, म्हणून `__फाइल__` लावलंच जात नाही. `सिस.__फाइल__` विचारून बघा, अॅट्रिब्यूटएरर. `मॅथ` तर काही बांधणींमध्ये वेगळा एसओ असतो आणि काहींमध्ये आतच असतो. तेव्हा `स्पेक.ओरिजिन` वापरताना आधी `हॅज_लोकेशन` तपासा, नाहीतर 'बिल्ट-इन' नावाची फाइल उघडायला जाल.

---

वेटोळे

सायथॉन (पायथॉनसारख्या कोडमधून) आणि पायबाइंड११ (सी++ मधून) वापरून एक्स्टेन्शन बनवणाऱ्यांसाठी थोडक्यात.

सायथॉनने ०.२९ पासून दोनटप्पी इनिट चालू केलं. त्यामुळे पीवायएक्स फाइलच्या वरच्या पातळीवर `__फाइल__` सरळ वापरता येतं.

पायबाइंड११ मध्ये `पायबाइंड११_मॉड्यूल` मॅक्रो पूर्वी एकटप्पी होता. ब्लॉकच्या आत `एम.अॅटर("__फाइल__")` वाचलं की अॅट्रिब्यूटएरर. ३.० मध्ये मॅक्रो आतून दोनटप्पी झाला. जुन्या आवृत्तीवर असाल तर सर्वांत सोपं म्हणजे पत्ता ब्लॉकमध्ये न वाचता पहिल्यांदा लागेल तेव्हा वाचा. तोवर लोडरने तो लावलेला असतो. हाताने लिहिलेल्या एकटप्पी सी मॉड्यूललाही ही युक्ती चालते.

पॅकेजच कम्पाइल करणाऱ्यांसाठी: `नकाशा/__इनिट__.एसओ` चालतो, पण त्यात शोधलं जाणारं फंक्शन `पायइनिट_नकाशा` असतं, `पायइनिट___इनिट__` नव्हे, कारण मॉड्यूलचं नाव 'नकाशा' आहे. विंडोजवर बिल्ड स्क्रिप्टने एक्सपोर्टच्या यादीत दुसरं नाव घातलं तर लिंकर एलएनके२००१ देतो.

---

पायमोजे

बदल केले. आता दोन वेगळे एरर.

आधी: 'एम_साइझ मे नॉट बी निगेटिव्ह फॉर मल्टी-फेज इनिशियलायझेशन'.
ते -१ चं ० केल्यावर: 'एक्झिक्युशन ऑफ मॉड्यूल नकाशा._कोअर फेल्ड विदाउट सेटिंग अॅन एक्सेप्शन'.

---

कुंडली

पहिला बरोबर सोडवलात. -१ चा अर्थ 'माझी सगळी अवस्था ग्लोबल आहे, मला दुसऱ्यांदा चालवू नका', आणि दोनटप्पीत ते चालत नाही.

दुसरा: ग्रिड उघडली नाही तेव्हा तुम्ही नुसतं `रिटर्न -१` केलं असणार. `पायएरर_सेटफ्रॉमएररनोविथफाइलनेमऑब्जेक्ट(पायएक्स_ओएसएरर, पत्ता)` लावा, म्हणजे एररमध्ये फाइलचं नावही दिसेल आणि तुमच्याऐवजी तोच सांगेल की काय बिनसलं.

आणखी दोन एरर याच वाटेवर भेटतात, आधीच सांगून ठेवतो. 'पायमॉड्यूल_क्रिएट इज इनकम्पॅटिबल विथ एम_स्लॉट्स' म्हणजे जुनी ओळ राहिली. 'रिटर्न्ड अनइनिशियलाइझ्ड ऑब्जेक्ट' म्हणजे `पायमॉड्यूलडेफ_इनिट` न बोलावता नुसता `&डेफ` परत दिला.

---

अनुस्वार

एररमध्ये पत्ता दिसेल तेव्हा कदाचित देवनागरी फोल्डर दिसेल, तर त्याबद्दल. घरच्या मशीनवर 'प्रकल्प', 'कागदपत्रे' अशी फोल्डरं आपल्याकडे असतातच, आणि मग `एफओपन` गडबडतं.

पत्ता हा पायथॉनचा स्ट्रिंग ऑब्जेक्ट आहे. `पाययुनिकोड_एएसयूटीएफ८` करून `एफओपन` ला देणं लिनक्सवर बहुतेकदा चालतं, पण फोल्डरच्या नावात यूटीएफ-८ नसलेले बाइट असतील तर पायथॉन ते सरोगेट (खास राखीव कोड) म्हणून सांभाळतो आणि हे फंक्शन युनिकोडएन्कोडएरर देतं. तिथे `पाययुनिकोड_एन्कोडएफएसडिफॉल्ट` वापरा, ते बाइट जसेच्या तसे परत देतं. विंडोजवर साधं `एफओपन` बाइट मशीनच्या कोडपेजप्रमाणे वाचतं, त्यामुळे 'प्रकल्प' चा कचरा होतो. `पाययुनिकोड_एएसवाइडचारस्ट्रिंग` आणि `_डब्ल्यूएफओपन` घ्या. ३.१४ पासून `पाय_एफओपन` आलं आहे, ते थेट पायथॉनचा ऑब्जेक्ट घेतं. मात्र त्याने उघडलेली फाइल `पाय_एफक्लोज` नेच बंद करायची.

आता मॉड्यूलचंच नाव देवनागरीत असेल तर? चालतं. सीच्या फंक्शनचं नाव मात्र आस्कीतच हवं, म्हणून अशा नावासाठी लोडर `पायइनिट_` ऐवजी `पायइनिटयू_` शोधतो आणि पुढे नावाचं प्युनिकोड (युनिकोड मजकूर आस्कीत लिहिण्याची पद्धत) रूप, त्यातल्या आडव्या रेघांच्या जागी अंडरस्कोअर. प्रॉम्प्टवर नावाला `.एन्कोड('प्युनिकोड')` केलं की कळतं काय लिहायचं ते.

एक सापळा खास आपला. 'दर्‍या' मधला चंद्रकोरीसारखा र टाइप करताना बरेचदा मध्ये झीरो विड्थ जॉइनर हे न दिसणारं अक्षर पडतं (यू+२००डी). पायथॉनच्या आयडेंटिफायरमध्ये ते चालत नाही, `इम्पोर्ट दर्‍या` ला सिंटॅक्सएरर येतो, 'इनव्हॅलिड नॉन-प्रिंटेबल कॅरेक्टर'. `इम्पोर्टलिब.इम्पोर्ट_मॉड्यूल` ला स्ट्रिंग म्हणून दिलं तर चालेल, पण अशा नावाचं मॉड्यूल करूच नये.

---

झिपरू

हे भारी. 'कुर्‍हाड' पण मग बाद.

---

वेटोळे

पायमोजे, पत्ता मिळाल्यावर तो कुठे ठेवताय? `स्टॅटिक पायऑब्जेक्ट *` मध्ये ठेवला असेल तर काढा. ३.१२ पासून प्रत्येक सबइंटरप्रिटरला (त्याच प्रोसेसमधल्या वेगळ्या इंटरप्रिटरला) स्वतःचा जिल, म्हणजे एका वेळी एकच थ्रेड चालू देणारं कुलूप, असू शकतो (पेप ६८४), आणि एका इंटरप्रिटरचा ऑब्जेक्ट दुसऱ्याने वापरला की रेफरन्स काउंटचा खेळखंडोबा. `एम_साइझ` ला आपल्या स्ट्रक्टचा आकार द्या आणि पत्ता मॉड्यूल स्टेटमध्ये ठेवा. `पायमॉड्यूल_गेटस्टेट` ने मिळतो. ठेवलात की `एम_क्लिअर` मध्ये सोडा आणि `एम_ट्रॅव्हर्स` लिहा.

टाइपच्या मेथडमधून स्टेट हवं असेल तर `पायस्टेट_फाइंडमॉड्यूल` कडे जाऊ नका, दोनटप्पी मॉड्यूलसाठी ते चालत नाही. ३.११ पासून `पायटाइप_गेटमॉड्यूलबायडेफ` आहे, त्यासाठी टाइप `पायटाइप_फ्रॉममॉड्यूलअँडस्पेक` ने बनवलेला हवा.

---

पायमोजे

चाललं. पत्ता स्टेटमध्ये, आणि ग्रिडचा पत्ता आडवाटेचा यांच्या म्हणण्याप्रमाणे `__इनिट__` मधून दिला. `डीएलअॅडर` काढलं. `पायथॉन -व्ही` (लहान लिपीतला व्ही) लावून क्रमही दिसला: आधी 'लोडेड फ्रॉम' ची ओळ, मग 'एक्झिक्यूटेड फ्रॉम'.

एकच शंका राहिली. कोड बदलून पुन्हा बांधणी केली आणि चालू सत्रात `इम्पोर्टलिब.रीलोड` केलं तर काहीच बदलत नाही. एररही नाही. `__फाइल__` तोच.

---

दुवेकरी

बदलणार नाही. रीलोडमध्ये एक्झेकची पाळी येते तेव्हा मॉड्यूल स्टेट आधीच तयार दिसतं आणि ते मुकाट परत फिरतं. `सिस.मॉड्यूल्स` मधून काढून नव्याने इम्पोर्ट केलंत तर एक्झेक पुन्हा चालतं, पण सी कोड जुनाच असू शकतो, कारण सीपायथॉन एकदा उघडलेला एसओ बंद करत नाही. `/प्रोक/सेल्फ/मॅप्स` बघा, नव्या बांधणीनंतर `_कोअर` च्या ओळीपुढे 'डिलीटेड' असं दिसेल. त्या पत्त्यावर आता दुसरी फाइल आहे, मेमरीत पहिली. नवीन प्रोसेस सुरू करा.

आणि नवा एसओ जागेवर ठेवताना `सीपी` वापरू नका. ते त्याच फाइलवर वरून लिहितं, आणि चालू प्रोसेसने मॅप केलेली पानं खालून बदलतात. मग सेगफॉल्ट भलत्याच फंक्शनमध्ये दिसतो. `इन्स्टॉल` कमांड आधी जुनी फाइल काढते, किंवा त्याच डिस्कवर दुसऱ्या नावाने कॉपी करून `एमव्ही` करा.

---

पायमोजे

मेकफाइलमध्ये `सीपी` च होतं. बदललं.